मूळव्याधच आहे, हे बघून कुणी सांगितलं?

प्रश्न: मी ४७ वर्षांचा, बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आठ-नऊ महिने झाले, संडासला गेलं की शेवटी लाल रक्त पडतं. कधी थेंब, कधी पिचकारी. दुखत नाही. जोर केला की कोंब बाहेर येतो, बोटानं ढकलला की आत जातो. मेडिकलमधून मलम आणि गोळ्या आणतो. अलीकडे शाळेचा जिना चढताना दम लागतो. बाजरी, अंडी, तिखट बंद केलंय. शेजारच्या गावात एक जण इंजेक्शन देऊन 'मुळासकट' काढतो म्हणतात, तिथं जावं का? ऑपरेशन टळेल का? दवाखान्यात नेमकं कधी जायला पाहिजे? घरात मंडळींनाही दुसऱ्या बाळंतपणापासून हाच त्रास आहे, पण त्या कुणाला दाखवत नाहीत.

उत्तर:

गुरुजी, तुम्ही कोंबाबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि जिन्याबद्दल एक. मला त्या एका ओळीची जास्त काळजी वाटते. आठ-नऊ महिने रोज थोडं थोडं रक्त गेलं तर अंगातलं लोह संपतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि माणसाला जिन्यावर दम लागतो. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं आम्ही म्हणतो. माझ्याकडे ६ हिमोग्लोबिन घेऊन स्वतः मोटारसायकल चालवत आलेले लोक आहेत. हळूहळू उतरत गेलं की शरीर सवय करून घेतं आणि घरच्यांना एवढंच दिसतं की माणूस जरा फिकट पडलाय. म्हणून 'कधी जावं' याचं तुमच्यापुरतं उत्तर: याच आठवड्यात.

आता बाकीचं सांगतो.

लातूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात सव्वीस वर्षं मी शस्त्रक्रियेचं काम करतोय. आमच्या ओपीडीत पेशंट रोगाचं नाव घेऊनच आत येतो. चीर पडली तरी मूळव्याध, पू आला तरी मूळव्याध, खाज सुटली तरी मूळव्याध. त्या जागेला काहीही झालं तरी आपल्याकडे नाव एकच. मी विचारतो, बघून कुणी सांगितलं? उत्तर येतं ते मेडिकलवाल्याचं, मेव्हण्याचं नाहीतर मोबाइलचं. त्या जागी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, बोट घालून तपासणं तर लांबच.

मुळात ज्याला आपण कोंब म्हणतो त्या गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. नळाला वायसर असतो तशा गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या असतात. माणूस पाठीवर झोपलाय असं धरून घड्याळ लावलं तर ३, ७ आणि ११ वाजता. खोकताना, हसताना वारा आणि पातळ मल आत राहतो त्यात त्यांचाही वाटा आहे. वर्षानुवर्षं कुंथलं, तासन् तास संडासात बसलं, पोटात गर्भाचं ओझं आलं की या गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल होतात, गाद्या फुगून खाली घसरतात आणि कडक मल घासून गेला की लाल रक्त पडतं. आम्ही चार पायऱ्या करतो. पहिलीत नुसतं रक्त. दुसरीत कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटानं ढकलावा लागतो. चौथीत ढकलूनही जात नाही. तुमचं वर्णन तिसरीचं आहे. मूळव्याध असेल तर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गुदद्वाराच्या आत दोन-एक सेंटीमीटरवर एक सीमा आहे. तिच्या वर दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत, खाली मात्र भरपूर आहेत. आतली मूळव्याध त्या सीमेच्या वर असते, म्हणून रक्त पडतं आणि दुखत नाही. त्यामुळे 'लई दुखायलंय' म्हणत कुणी आलं की मी आधी मूळव्याध सोडून बाकीच्या गोष्टी शोधतो.

दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चीर, ज्याला सगळे आता फिशर म्हणतात. शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं होतं, नंतर तास-दोन तास आग होते, रक्त कागदावर किंवा मलाच्या कडेला रेघेसारखं दिसतं. भीतीनं माणूस शौच टाळतो, टाळल्यानं मल आणखी घट्ट होतो आणि पुन्हा चिरतो. बहुतेक ताज्या चिरा मल मऊ ठेवून, गरम पाण्यात बसून आणि स्नायूचा ताण उतरवणाऱ्या मलमानं भरून येतात. हे मलम वेगळं असतं. मूळव्याधीची ट्यूब लावून चीर भरत नाही. त्यातल्या स्टेरॉइडच्या ट्यूबा तर महिनोन् महिने लावल्या की कातडी पातळ होते आणि आणखी चिरते. आठवडा, फार तर दोन, त्यापलीकडे नको.

दुसरं दुखणं बाहेरच्या गाठीचं. हंगाम संपवून परतलेली एक ऊसतोड कामगार बाई मला आठवते. चार दिवस तिला बसता येत नव्हतं, ट्रॅक्टरमध्ये उकिडवी बसून आली. बघितलं तर कडेला जांभळाएवढी निळी-काळी गाठ, आत रक्ताची गुठळी. विचारलं, पाणी किती पितेस? म्हणाली, दुपारनंतर पीतच नाही, रात्री जायचं कुठं? उसाच्या फडात दिवसभर आडोसा नाही, कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, संडास नाही. मग पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. अशी गाठ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त दुखते, त्या मुदतीत कुणी आलं तर तिथलीच जागा बधिर करून आम्ही ती काढतो आणि आराम पडतो. ती मुदत टळली की बहुतेक वेळा दुखणं आपणच उतरायला लागतं, मग काढण्याची घाई करत नाही. तिला औषध दिलं, गाठ आठ-दहा दिवसांत विरली. फड मात्र पुढच्या दिवाळीनंतर तिथंच होता.

तिसरं ठणक्याचं. दिवसागणिक ठणका वाढतो, जागा गरम लागते, ताप येतो, बसता येत नाही. हा पू आहे. पू झाला की गोळ्या खाऊन वाट पाहायची नाही, तो चिरून काढावाच लागतो. साखरेच्या पेशंटनं तर रात्रसुद्धा थांबू नये. पू मांडीकडे, अंडकोशाकडे झपाट्यानं पसरतो आणि माणूस हातचा जातो. पू आपणच फुटला आणि पुढे एका छिद्रातून कपड्याला डाग पडत राहिले तर ते भगंदर. आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा, मला मान्य आहे ते याच ठिकाणी, प्रशिक्षित वैद्याच्या हातचं. भरायला वेळ लागतो, पण काम करतं.

आता जे नाव घ्यायला घरी कुणी तयार नसतं ते. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, हे निश्चिंतपणे सांगतो. पण मूळव्याधीच्या नावाखाली कॅन्सर लपतो. काही वर्षांपूर्वी बावन्न वर्षांचे एक शेतकरी आले. कॅरीबॅगेत आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या, दोन अर्धवट दाबलेल्या ट्यूबा. तपासायला पायजमा सैल करा म्हटलं तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं दिसली. विचारलं तर म्हणाले, 'मूळव्याधीनं माणूस वाळतोच की.' नाही, मूळव्याधीनं माणूस वाळत नाही. बोट आत घातलं तर चार-पाच सेंटीमीटरवर दगडासारखी कडक, खडबडीत गाठ लागली. ती लागायला मला अर्धं मिनिट पुरलं. त्या सगळ्या चिठ्ठ्यांत बोट घालून तपासल्याची एक ओळ नव्हती. त्यांना संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पाठवलं. आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया. पोटावरच्या, मल गोळा होणाऱ्या पिशवीसकट ते आज शेतावर जातात. आठ महिने आधी आले असते तर पिशवी कदाचित टळली असती.

म्हणून मी पेशंटला काही ठरावीक प्रश्न विचारतो, ते तुम्ही स्वतःलाच विचारा. रक्त मलाच्या वरून पडतं की मलात कालवलेलं असतं? शेंबडासारखा चिकट आव येतो का? जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटून परत परत जावं लागतं का? शौचाची जुनी सवय गेल्या काही आठवड्यांत बदलली का, कधी जुलाब, कधी कोंडलेलं? वजन उतरलं? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, किंवा चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, किंवा रक्त कमी झालं असेल तर दुर्बिणीनं आतडं बघून घ्यावं. तरुणांनीही निर्धास्त राहू नये. आपल्या देशात गुदाशयाचा कॅन्सर तिशी-पस्तिशीतही दिसतो. तुमचं वय ४७ आणि वर दम लागतो. कोंब दिसतोय म्हणून आत दुसरं काही नाही असं मी धरणार नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मल झाला तर ते रक्त वरून, जठरातून येतंय. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यांत हे फार बघतो. त्या दिवशीच दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, पण तो डांबरासारखा चिकटत नाही. आणि बीट खाल्ल्यावरचा लाल रंग पाहून रात्री अकराला फोन करणारेही आहेत. त्यांच्यावर मी रागावत नाही, निदान ते बघतात तरी.

आणीबाणी कधी? रक्त थांबतच नाही, गुठळ्या पडतात, उभं राहिलं की चक्कर येते. कोंब बाहेर अडकला, सुजला, काळा पडला, आत जात नाही. ताप आणि ठणका. लघवी अडली. यातलं काहीही असेल तर घरचा इलाज बंद आणि रात्र असली तरी निघायचं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लातूरला शासकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरला घाटी, म्हणजे तिथलं शासकीय रुग्णालय, आहे. यासाठी पुण्याला पळायचं कारण नाही.

ऑपरेशन टळेल का, हा तुमचा खरा प्रश्न. आतून दुसरं काही निघालं नाही तर टळण्याची शक्यता चांगली आहे. दुसऱ्या आणि बऱ्याचशा तिसऱ्या पायरीला आम्ही रबर बँड लावतो. गुदद्वारात घालायच्या छोट्या नळीतून बघून कोंबाच्या मुळाशी बारीक रबरी कडी बसवायची, रक्तपुरवठा तुटतो, आठवडा-दहा दिवसांत तो भाग गळून पडतो. बँड त्या सीमेच्या वर बसतो म्हणून भूल लागत नाही, जडपणा वाटतो. कधी दोन-तीन फेऱ्या लागतात. गळून पडायच्या सुमारास थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. पण बँडनंतर ताप आला, दुखणं वाढलं किंवा लघवी अडली तर लगेच यायचं. मोठ्या, आतून-बाहेरून दोन्हीकडे पसरलेल्या कोंबांना शस्त्रक्रियाच बरी. १९३७ साली लंडनच्या दोन सर्जननी मांडलेली उघडी पद्धत, म्हणजे कोंब कापून जखम न शिवता ठेवायची, आजही चालते. पहिले दोन आठवडे दुखते, पण पुन्हा उगवायचं प्रमाण तिच्यात कमी. स्टेपलर आणि लेझरला दुखणं कमी, खर्च जास्त, आणि परत होण्याची शक्यताही उघड्या पद्धतीपेक्षा जास्त. बोर्डावर लेझर मोठ्या अक्षरात असतं. हे वाक्य बोर्डावर कुठंच नसतं.

शेजारच्या गावच्या इंजेक्शनकडे जाऊ नका. इंजेक्शनचा खरा उपचार आहे, मीही देतो. पण तो नळीतून बघून, सीमेच्या वर, मोजक्या मिलिलिटरात, काय औषध आहे हे कागदावर लिहून. तो इसम काय टोचतो ते तोही सांगत नाही. अशाच एका ठिकाणी टोचून घेतलेला पंचविशीतला पोरगा माझ्याकडे आला होता. आतली त्वचा जळून, वळून वाट इतकी अरुंद झाली होती की माझी करंगळीही जाईना. त्याची वाट मोकळी करायला तीन वेळा टेबलावर घ्यावं लागलं. बिब्ब्याचंही तेच. बिबा म्हणजेच भल्लातक आयुर्वेदात मूळव्याधीवर आहे, पण शुद्ध करून. कच्च्या बिब्ब्याचा चटका दिलेली जागा मी बघितलीय, कातडी सोलून निघते. सुश्रुतानं मूळव्याधीला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, आणि कुठल्या कोंबाला कुठला हेही वेगळं सांगितलं. म्हणजे तोही आधी बघतच होता.

खाण्याचं: बाजरीवर उगाच आळ आहे. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात आणि दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. दोन वेळच्या भाकरीनंच निम्मं भागतं. तुम्ही भाकरी सोडून चहाबरोबर खारी-टोस्ट खात असाल तर उलटं करताय. अंड्यानं मूळव्याध होत नाही. ठेच्यानंही होत नाही. चीर असेल तर मात्र दुसऱ्या दिवशी तो आठवण करून देतो, तेवढे दिवस आवरा. पालेभाजी, शेंगा, मोडाची मटकी, पेरू घ्या. इसबगोल घेतलात तर एक-दोन चमचे भरून ग्लासभर पाण्यात आणि लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास. कमी पाण्यात घेतला तर तोच अडकून बसतो. बाकी औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. आणि मोबाइल संडासाबाहेर. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, पुन्हा कळ आली की जायचं. घरात कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

गरम पाण्यात बसायला सांगितलं की एक प्रसंग हमखास आठवतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा एक आजी म्हणाल्या, 'डॉक्टर, प्यायला मोजून मिळायलंय, बसायला कुठून आणू?' त्या दिवसापासून मी टब सांगत नाही. पसरट घमेलं घ्या, तीन-चार लिटर पाणी पुरतं, कोपराला सोसेल इतकं कोमट. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. डेटॉल नको, लाल पावडर (पोटॅशियम परमँगनेट) नको. झालं की तेच पाणी संडासात ओता.

तुमच्या मंडळींचं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कोंब येणं नेहमीचं आहे आणि बऱ्याच जणींचं काही महिन्यांत बसतंही. पण वर्षं झाली आणि अजून आहे तर त्यांनाही बघायला हवं, आणि हिमोग्लोबिन आधी. पाळी आणि मूळव्याध दोन्हीकडून रक्त जात असलं की बाई फार लवकर रिकामी होते. त्यांना लाज वाटते ती रास्त आहे. महिला डॉक्टर मागा, किंवा तपासताना सिस्टर आत हवी असं सरळ सांगा. सिस्टर आत हवी म्हटलं तर कुठल्याही दवाखान्यात नाही म्हणू शकत नाहीत. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, वरून चादर असते, जेवढी जागा बघायची तेवढीच उघडी. तपासणी पाच मिनिटांच्या आत होते.

येताना उपाशी यायची गरज नाही. सकाळी पोट साफ करून या, सैल कपडे घाला. हृदयासाठी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, पाकीट बरोबर आणा. जुन्या चिठ्ठ्या आणि ते मलमही आणा. पहिल्या दिवशी फक्त बोट, नळी आणि रक्ताची तपासणी होईल. दुर्बीण नंतरच्या तारखेला, तिच्या आदल्या संध्याकाळी पोट धुवायचं औषध प्यावं लागतं आणि रात्रभर धावपळ होते, तेव्हा दुसऱ्या दिवशीची शाळेची रजा आधीच टाकून ठेवा. मंडळींनाही त्याच दिवशी घेऊन या.